सगळ्यांना धरून लिहायचं कसं: सूचना, अर्ज, पावत्या आणि नियमावली

‘सर्व सभासद बंधूंना कळविण्यात येते की…’ अशी सुरुवात असलेला कागद नागपुरातल्या बऱ्याच अपार्टमेंटच्या लिफ्टशेजारी चिकटवलेला दिसतो. सभासदांच्या यादीत बायकांची नावं भरपूर असली तरी मजकूर तोच. कुणी हरकत घेतली तर उत्तर ठरलेलं असतं: ‘बंधू म्हटलं की त्यात सगळेच आले.’

हे उत्तर अगदीच निराधार नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम १३ सांगतं की कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धरायच्या. मुंबई प्रांतासाठी १९०४ साली झालेल्या आणि आज महाराष्ट्राला लागू असलेल्या तशाच कायद्यातही हीच तरतूद आहे. पण तिला एक अट आहे: विषय किंवा संदर्भ त्याच्या विरोधात नसेल तरच. १९१६ साली रेजिना गुहा यांनी वकिलीसाठी अर्ज केला, तेव्हा ‘कायद्यातला तो म्हणजे तीसुद्धा’ हाच युक्तिवाद कलकत्ता उच्च न्यायालयासमोर झाला आणि फेटाळला गेला. १९२१ मध्ये पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांच्या बाबतीतही तेच घडलं. शेवटी १९२३ साली स्त्रियांच्या वकिलीसाठी वेगळा कायदा करावा लागला. दंड भरायच्या वेळी पुल्लिंगात सगळे येतात. सनद द्यायची वेळ आली तेव्हा आले नाहीत. पुल्लिंगी शब्दात कोण बसतं, हे शेवटी वाचणारा ठरवतो. लिहिणाऱ्याचा हेतू कागदावर उमटत नाही.

उलट बाजूचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो धरूनच पुढे जायला हवं. व्याकरणातलं लिंग म्हणजे माणसाचं लिंग नव्हे. मराठीत ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी आहे. त्यामुळे कायद्याच्या मराठी मजकुरात ‘जी कोणी व्यक्ती असे करील तिला शिक्षा होईल’ असं येतं, आणि आपण तुरुंगात फक्त बायकांनीच जायचं असा अर्थ कुठला पुरुष काढत नाही. म्हणून दिसला पुल्लिंगी शब्द की काढ, असा धडाका लावायचं कारण नाही. सभासद, मतदार, ग्राहक, नागरिक हे शब्द जिथे आहेत तिथे ठीक आहेत. अडचण बंधू, सेवक, वॉचमन, ऑफिस बॉय, कर्ता पुरुष अशा शब्दांची आहे आणि त्याहून जास्त क्रियापदांची.

मराठी तीन लिंगांची भाषा. सर्वनाम, विशेषण, क्रियापद सगळीकडे लिंग चिकटतं, म्हणून ‘मराठीत हे जमायचं नाही’ असं म्हटलं जातं. प्रत्यक्षात जितक्या ठिकाणी लिंग चिकटतं तितक्याच ठिकाणी ते गळूनही पडतं. ती ठिकाणं माहीत असली की तिरप्या रेघा आणि कंस यांची गरज क्वचितच पडते.

पहिलं काम: कागदावर खुणा

मजकूर छापून घ्या, पेन्सिल घ्या आणि पाच गोष्टींखाली रेघ मारा: संबोधन (बंधूंनो, महोदय), नामं (शिक्षक, अध्यक्ष), सर्वनामं (तो, त्याला, जो), विशेषणं (चांगला, नवा, आपला) आणि क्रियापदं (आला, करतो, गेले). एका पानाच्या सूचनेला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. नियमावली असेल तर एका बैठकीत उरकू नका. तिसऱ्या-चौथ्या पानानंतर डोळ्याला ‘तो’ दिसेनासा होतो.

मग एक चाचणी. सूचनेतला माणूस म्हणजे सुनंदाताई, असं धरून मजकूर मोठ्याने वाचा. नंतर विठ्ठलराव धरून वाचा. जिथे सुनंदाताईंना जीभ अडखळते आणि विठ्ठलरावांना अडखळत नाही, तिथे दुरुस्ती हवी. उलटंही तपासा: ‘आईने रोज डबा तपासावा’ या वाक्यात विठ्ठलराव अडखळतात.

दुसरं काम: हे कुणाबद्दल आहे ते ठरवणं

ओळखीची एकच व्यक्ती असेल तर प्रश्नच नाही. तिचं लिंग माहीत आहे, ते लिहा: ‘अध्यक्ष म्हणाल्या’. कोण येईल ते माहीत नाही (अर्जदार, नवा भाडेकरू), मिश्र गट आहे (सभासद, पालक), किंवा मजकूर खरोखर फक्त स्त्रियांबद्दल आहे, या तीन स्थिती वेगळ्या आहेत आणि तिन्हींना एकच औषध लागू पडत नाही. बऱ्याच मसुद्यांत गडबड होते ती इथेच: अनोळखी एकासाठी ‘तो’ लिहिला जातो आणि मग पुढची दहा वाक्यं त्या ‘तो’च्या मागे जातात.

तिसरं काम: आधी क्रियापद, मग नाम

बहुतेक जण नामापासून सुरुवात करतात. ‘शिक्षक’चं ‘शिक्षक/शिक्षिका’ करतात आणि शेवटी ‘आला’ तसाच राहतो. क्रियापद आधी सुटलं तर नामाचं अर्धं काम आपोआप होतं.

लिंग कुठे दिसत नाही ते लक्षात ठेवा. भविष्यकाळात नाही: तो येईल, ती येईल. वर्तमानकाळाच्या अनेकवचनात नाही: ते येतात, त्या येतात. ‘-णार’ मध्ये नाही: तो येणार, ती येणार. जुने दस्तलेखक हे जाणून होते. खरेदीखतात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असं असतं, त्यात बाई आहे की पुरुष ते शब्दावरून कळत नाही. अर्जात ‘राहणार: इतवारी’ लिहितात तेही तसंच. मात्र हाच शब्द विशेषण झाला की लिंग परत येतं: येणारा, येणारी. ‘सही करणारा’ लिहिण्यापेक्षा ‘सही’ एवढंच लिहा.

सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं, कर्त्याच्या नाही. ‘त्यांनी अर्ज दिला’, ‘मी अटी वाचल्या’ यांत कर्ता कोण ते कळत नाही. म्हणून अर्जाखालच्या ओळीसाठी ‘मी अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत’ हे वाक्य चोख आहे. ‘मी अटी वाचल्या असून त्या मान्य करतो’ यातलं शेवटचं ‘करतो’ सगळं बिघडवतं.

‘-ना’, ‘-नी’ आणि ‘-चे’ लावलेली अनेकवचनी सर्वनामंही लिंग दाखवत नाहीत: त्यांना, त्यांनी, त्यांचे, ज्यांना, ज्यांनी. ‘जो’, ‘त्याला’, ‘त्याने’ दिसले की आदरार्थी अनेकवचन करून बघा. दहातले आठ वेळा काम तिथेच संपतं. आणि नियमांसाठी सर्वांत उपयोगी ‘-ल्यास’: ‘जो सभासद शुल्क भरणार नाही त्याला व्याज लागेल’ याऐवजी ‘शुल्क वेळेत न भरल्यास व्याज लागेल’. वाक्य आखूड होतं, कुणावर बोट रोखलं जात नाही आणि लिंगाचा प्रश्न उरत नाही.

‘मी’ची वाक्यं ‘मला’ आणि ‘माझा’वर न्या. ‘विनंती करतो’ची ‘माझी विनंती आहे’, ‘जाणतो’ची ‘मला माहीत आहे’, ‘कथन करतो’ची ‘माझे सत्यप्रतिज्ञेवर कथन असे की’. ही वळणं मराठीच आहेत, कुठून उसनी आणलेली नाहीत.

नागपूरकरांसाठी इथे दोन इशारे. प्रमाण मराठीत ‘तुम्ही आलात’ दोघांना चालतं, पण आपल्याकडे बोलताना ‘तुम्ही आले का?’ आणि ‘तुम्ही आल्या का?’ असं म्हणतात. ‘काय करून राहिले’, ‘काय करून राहिल्या’ तसंच. बोलताना यात काहीच वावगं नाही, समोरचा माणूस दिसत असतो. पण व्हॉट्सअ‍ॅपवर दोनशे जणांच्या गटात ‘तुम्ही अजून पैसे भरायला आले नाही’ लिहिलं की ते पुरुषांनाच लिहिल्यासारखं होतं. लेखी मजकुरात ‘आला नाहीत’ किंवा सरळ ‘पैसे अजून आलेले नाहीत’ असं लिहा. दुसरं, इथे बोलीत ‘पोरं आले’ ऐकू येतं. लिहिताना ‘मुले आली’ असं नपुंसकलिंगी अनेकवचन ठेवा, कारण मिश्र गटासाठी मराठीजवळ असलेली ही मोठी सोय आहे. ‘ती दोघं आली’ म्हटलं की एक बाई एक पुरुष असं सहज मनात येतं. ‘दोघे’ पुरुष, ‘दोघी’ बायका. हिंदीला नपुंसकलिंग नाही, म्हणून हिंदीवरून मराठी केलेल्या फलकांवर ही सोय हमखास हरवते.

चौथं काम: नामं

काही नामांना हात लावायची गरज नाही: सभासद, अर्जदार, उमेदवार, खातेदार, भाडेकरू, रहिवासी, पालक, रुग्ण, प्रवासी, कर्मचारी, अधिकारी, कामगार, मजूर, आमदार, खासदार, सरपंच, महापौर, वकील, डॉक्टर. यांच्यासोबत क्रियापद तेवढं नीट ठेवा. विशेषणंही न बदलणारी निवडा: हुशार, अनुभवी, जबाबदार, इच्छुक, पात्र, होतकरू. ‘चांगला स्वयंपाकी’ ऐवजी ‘अनुभवी’ म्हटलं की अर्धी वाट सरली.

जोडीने येणारी नामं (विद्यार्थी-विद्यार्थिनी, शिक्षक-शिक्षिका, लेखक-लेखिका) पूर्ण लिहायची, तीही पहिल्याच उल्लेखात. एका पानात दोन-तीन वेळांपेक्षा जास्त जोड्या आल्या तर मजकूर सरकारी वाटू लागतो. पुढे ‘मुले’, ‘वर्गातील सर्वजण’, ‘सर्वांनी’ यांवर चालवा. लेखन जपा: ‘विद्यार्थी’त थी दीर्घ, पण ‘विद्यार्थिनी’त थि ऱ्हस्व. फलकावर ‘विद्यार्थीनी’ दिसलं की मुलींचा उल्लेख घाईत चिकटवला आहे हे उघड होतं.

पदांचं काय? अध्यक्ष की अध्यक्षा, सदस्य की सदस्या? आमचं मत: पद एकच ठेवा, बाई असल्याचं क्रियापदातून येऊ द्या. विदर्भाच्या कुसुमावती देशपांडे १९६१ च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. ‘संमेलनाध्यक्ष कुसुमावती देशपांडे म्हणाल्या’ या वाक्यात काही हरवत नाही. २००७ साली प्रतिभा पाटील निवडून आल्या तेव्हा ‘राष्ट्रपती’ला स्त्रीलिंगी रूप हवं का, यावर बरीच शाई खर्ची पडली, शब्द तोच राहिला आणि ‘राष्ट्रपती म्हणाल्या’ आता कुणाच्या कानाला खटकत नाही. ‘नगरसेविका’, ‘शिक्षिका’, ‘मुख्याध्यापिका’ हे रुळलेले शब्द मात्र मोडू नका. आणि एखाद्या बाईंना स्वतःला ‘अध्यक्षा’ म्हणवून घ्यायचं असेल तर त्यांच्या नावापुढे तेच लिहा. नियमावलीत मात्र पदाचं नाव ‘अध्यक्ष’ ठेवा.

डॉक्टरीणबाई, वकिलीणबाई, पाटलीणबाई, मास्तरीणबाई यांत बाईंचा पेशा आहे की नवऱ्याचा, हे कळत नाही. लेखी टाळा. ‘महिला सरपंच’ही उगाच नको. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव होऊन २०११ पासून एवढी वर्षं झाली. गावची सरपंच बाई असणं ही आता सांगायची बातमी नाही.

‘माणूस’ या शब्दाबद्दल इथे जपून. पुस्तकी मराठीत ‘माणसे’ म्हणजे सगळे. विदर्भात ‘माणसं अन् बाया’ असं सर्रास म्हणतात, ‘माझा माणूस’ म्हणजे नवरा. काटोल-नरखेडकडे संत्रा तोडणीसाठी ‘२० माणसे पाहिजेत’ असा फलक लावला तर बायका तो स्वतःसाठी वाचणार नाहीत. ‘२० मजूर पाहिजेत, बाया-माणसं दोन्ही चालतील’ असं लिहा आणि मजुरीचा आकडा एकच टाका.

तिरपी रेघ आणि कंस का नकोत

‘शिक्षक/शिक्षिकेने’ हे चुकीचं आहे, कारण प्रत्यय एकालाच लागला. ‘शिक्षक’चं ‘शिक्षकाने’ व्हायला हवं होतं. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचं रूप बदलतं, म्हणून रेघ मारून दोन शब्द एका प्रत्ययावर टांगता येत नाहीत. ‘सदस्य(आ)’, ‘आला(ली)’, ‘करतो(ते)’ तर वाचताच येत नाही. ध्वनिक्षेपकावरून सूचना वाचणारा कंसातलं गाळतो आणि दृष्टिहीनांचं वाचन-सॉफ्टवेअर तिथे अडखळतं. जर्मन भाषेत शब्दाच्या मधे तारका घालायची पद्धत निघाली. तिथेही त्यावरून वाद पेटले आणि बायर्न राज्याने २०२४ मध्ये शाळा-कार्यालयांत ती वापरायला मनाई केली. आपल्याला त्या वाटेला जायचं कारणच नाही. रेघ फक्त एका ठिकाणी चालते: छापील अर्जात नको ते खोडायचं असेल तिथे, आणि तेही प्रत्यय नसलेल्या शब्दांत.

सोसायटीची सूचना, आधी आणि नंतर

आधी: ‘सभासद बंधूंनो, प्रत्येकाने रविवारी पत्नीसह सभेला हजर राहावे. जो सभासद देखभाल शुल्क वेळेत भरणार नाही त्याला व्याज लागेल. नवीन आलेला भाडेकरू आपला पोलीस पडताळणी अर्ज सचिवाला देईल. टाकीबद्दल तक्रार असलेल्याने वॉचमनला सांगावे.’

नंतर: ‘सर्व सभासदांना नमस्कार. रविवारच्या सभेला घरातील सर्वांसह उपस्थित राहावे. देखभाल शुल्क वेळेत न भरल्यास व्याज लागेल. नव्या भाडेकरूंनी पोलीस पडताळणीचा अर्ज सचिवांकडे द्यावा. टाकीबद्दल तक्रार असल्यास सुरक्षारक्षकांना सांगावे.’

एकही रेघ नाही, एकही कंस नाही, आणि मजकूर वाढलाही नाही. ‘पत्नीसह’ गेल्यामुळे एकट्या राहणाऱ्या, विधवा, अविवाहित सभासदांचीही सोय झाली. यात सगळ्यात सोपं वाटणारं पण राहून जाणारं ठिकाण म्हणजे ‘प्रत्येकाने’. ‘प्रत्येकीने’ असा जोड शब्द असल्यामुळे ‘प्रत्येकाने’ पुल्लिंगी ठरतो, ‘सर्वांनी’ लिहा.

अर्ज, पत्र आणि प्रतिज्ञापत्र

पत्राच्या वर ‘महोदय’ लिहायची सवय मोडायला पद वापरा: ‘प्रति, मा. सहायक आयुक्त, धंतोली झोन, नागपूर महानगरपालिका यांस’. ‘यांस’ दोघांना लागतं. खाली ‘सप्रेम नमस्कार’ किंवा जुनं ‘स.न.वि.वि.’ घाला, त्यातही लिंग नाही. शेवटी छापील नमुन्यात ‘आपला विश्वासू’, शाळेच्या रजाअर्जात ‘आपला आज्ञाधारक’ असतं. बाई असेल तर हाताने ‘ली’ करावं लागतं. ‘कळावे’ आणि खाली ‘अर्जदाराची सही’ पुरेसं आहे.

‘वडिलांचे/पतीचे नाव’ हा रकाना बघून घ्या. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचं नाव लिहिण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला: स्वतःचं नाव, आईचं, वडिलांचं, आडनाव, या क्रमाने. खासगी संस्थेच्या अर्जात ‘पालकाचे नाव’ एवढं पुरतं. ‘कर्ता पुरुष’ हा रकाना तर बंदच करा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार शिधापत्रिकेसाठी घरातली १८ वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख धरली जाते. आपल्या अर्जात ‘कुटुंबप्रमुख’ लिहा.

लिंग विचारायची गरज आहे का, ते आधी ठरवा. वाचनालयाच्या वर्गणीदाराला ते कशाला विचारायचं? गरज असेलच तर तीन पर्याय ठेवा: तृतीयपंथी, पुरुष, स्त्री. हा अकारविल्हे क्रम आहे, त्यावर वाद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीय लिंगाला मान्यता दिली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २(१०) मध्ये ‘तो’ या सर्वनामात पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी तिघेही धरले आहेत. ‘स्त्री-पुरुष सर्वांनी’ असं लिहिताना हेही लक्षात असू द्या. नुसतं ‘सर्वांनी’ जास्त लोकांना धरतं.

पावत्या आणि पत्रिका

गणेश मंडळाच्या वर्गणी पावतीवर ‘श्री. ……… यांजकडून’ छापलेलं असतं. ‘यांजकडून’ राहू द्या, ‘श्री.’ काढा. छापखान्यात अक्षरजुळणी तशीच ठेवून एक शब्द उडवायचा असतो, जास्त पैसे लागत नाहीत. पण हे पुस्तकं छापायच्या आधी सांगायला हवं, पोळा झाल्यावर आठवून उपयोग नाही.

पत्रिकेत पुरुष सगळे ‘श्री.’, आणि बाई मात्र लग्न झालेली ‘सौ.’, न झालेली ‘कु.’, नवरा गेलेला असेल तर ‘गं. भा.’. म्हणजे नाव वाचायच्या आधी तिचा संसार वाचायचा. सगळ्यांना ‘श्रीमती’ लावा किंवा कुणालाच काही लावू नका. विदर्भात काही घरांत ‘श्रीमती’ म्हणजे विधवा असा समज आहे, त्यामुळे सासरच्या मंडळींची समजूत घालावी लागते. तो वाद नको असेल तर उपाधी गाळणं सोपं. ‘श्री. व सौ.’ लिहून पुढे फक्त नवऱ्याचं नाव छापू नका, दोन्ही नावं छापा. खाली ‘विनीत’ ठीक आहे, तो शब्द बदलत नाही.

नोकरीची जाहिरात

इतवारी, सीताबर्डीच्या दुकानांवर ‘मुले पाहिजेत’, ‘मुली पाहिजेत’ असे कागद असतात. हिंगणा, बुटीबोरीच्या जाहिरातींत हेल्पर, सेल्समन, ऑफिस बॉय. ‘मुले’ व्याकरणाने सर्वांना धरतं, पण शेजारच्या दुकानावर ‘मुली’ असल्यामुळे इथे ते ‘मुलगे’ असंच वाचलं जातं. सेल्समनसाठी विक्री प्रतिनिधी, ऑफिस बॉयसाठी कार्यालय मदतनीस, वॉचमनसाठी सुरक्षारक्षक, ड्रायव्हरसाठी चालक. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे, तेव्हा हा फक्त शिष्टाचाराचा प्रश्न नाही. जर्मन आणि फ्रेंचमध्ये झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की पुल्लिंगी शब्द वाचल्यावर लोकांच्या मनात बायका कमी येतात. ज्याला अर्ज जास्त हवेत त्याने एवढ्यासाठी तरी शब्द बदलावा.

मशीनवरून भाषांतर करत असाल तर प्रत्येक ‘मी’ आणि प्रत्येक पेशा तपासा. इंग्रजीत लिंग नसलेलं वाक्य यंत्र बहुधा ‘करतो’ करून देतं, आणि ‘नर्स’ आली की मात्र ‘करते’.

कुठे बदलू नये

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा स्त्रियांसाठी आहे. अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या पीठासीन अधिकारी बाईच असाव्या लागतात आणि किमान निम्म्या सदस्य स्त्रिया. तिथे ‘पीडित व्यक्ती’, ‘सर्व कर्मचाऱ्यांपैकी कोणीही’ असं गुळगुळीत लिहिलं तर कायद्याचा अर्थच बदलतो. अंगणवाडी सेविका ही पदं स्त्रियांसाठीच आहेत, ‘सेविका’ बरोबर. परिचारिकांचं तसं नाही. या पेशात पुरुषही आहेत, म्हणून सगळ्यांसाठी ‘परिचर्या कर्मचारी’. दुसऱ्याचं अवतरण, अभंग, घोषणा, संविधानाच्या उद्देशिकेतली ‘बंधुता’ यांना हात लावू नका. जुना मजकूर जुन्याच शब्दांत उद्धृत करायचा.

नियमावली सर्वांत शेवटी

सूचना, पावत्या, अर्ज बदलायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून सुरुवात तिथून करा. नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थेचे उपविधी, म्हणजे तिची नियमावली, मात्र १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली येतात: सर्वसाधारण सभेत उपस्थित राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांची मंजुरी, मग उपनिबंधक कार्यालयात प्रस्ताव, आणि तिथे नोंद झाल्यावरच बदल लागू. एवढ्या खटाटोपात फक्त भाषेसाठी पडू नका. दुसरी काही दुरुस्ती करायची असेल तेव्हा हेही त्यात घाला, आणि जुना-नवा मजकूर समोरासमोर दोन रकान्यांत द्या, म्हणजे सभेत अर्थ बदलल्याची शंका निघत नाही.

मसुद्यात ‘अध्यक्ष हा सभेचा प्रमुख असेल’ याचं ‘सभेचे कामकाज अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली चालेल’ करा. ‘सचिव आपले दप्तर सांभाळील, तो…’ यातला ‘तो’ गाळून वाक्य तिथेच तोडा. सगळं झाल्यावर शेवटी एक कलम ठेवा: ‘या नियमावलीतील पदनामे व सर्वनामे सर्व लिंगांच्या व्यक्तींना लागू आहेत.’ आधी हे कलम घालून बाकीचं तसंच ठेवायची पळवाट काढली जाते. तसं करू नका. चुकून राहिलेल्या एखाद-दुसऱ्या ‘तो’साठी ते आहे. आणि ते परिशिष्टात नको, व्याख्यांच्या प्रकरणात घाला, कारण परिशिष्टाची झेरॉक्स कुणी काढत नाही.